चुकून म्हातारं झालेलं घर

सिनेमा संपून नावं वर सरकू लागतात आणि प्रेक्षक अंधारात पायानंच चपला चाचपत असतात, त्या सुमारास आक्काचं नाव येतं. त्याच्या आधी 'कार्यकारी निर्माती' असे दोन भारदस्त शब्द असतात. घरचे लोक ते वाचायला मुद्दाम बसून राहतात. वाचून झालं की म्हणजे नक्की काय, हा प्रश्न घेऊन उठतात.

सासूबाईंनी तो आपल्यापुरता सोडवला आहे. "सून सिनेमात असते," असं त्या शेजारणीला सांगतात. "कुठल्या कामात?" असं शेजारणीनं विचारलं की म्हणतात, "निस्तरण्याच्या." नवरा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याची व्याख्या अशी, की पडद्यावर जे दिसतं त्यातलं काहीही हिनं केलेलं नसतं आणि हिनं केलं नसतं तर त्यातलं काहीही दिसलं नसतं. व्याख्या बिनचूक आहे, त्यामुळे ती कोणालाच कळत नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर निर्माता भांडवल आणतो, दिग्दर्शक स्वप्न आणतो, आणि या दोन वस्तू एका खोलीत ठेवल्या की भांडू लागतात. मध्ये उभं राहायला एक माणूस लागतो. कोणाला कुठे केव्हा पोचवायचं, कोण रुसलंय, कोणाला ताप आहे, जेवणाची गाडी कुठे अडकली आणि उद्या ऊन पडलं नाही तर काय करायचं, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं. बाकीच्यांच्या डोक्यात कला असते.

आक्का या धंद्यात आली ती खुर्च्या परत आणायला. तिच्या वडिलांचं खुर्च्या-टेबलं भाड्यानं देण्याचं दुकान होतं. एका शूटिंगला दिलेल्या खुर्च्या परत येईनात, म्हणून कॉलेज संपवून घरी बसलेल्या मुलीला त्यांनी पाठवलं. ती गेली तेव्हा खुर्च्यांवर माणसं बसली होती, आणि आपल्याला कोणी उठवतंय का, याची ती माणसंच वाट बघत होती. कारण जेवणाची गाडी भलत्याच दाराला उभी होती, नायिका भलत्याच खोलीत तयार होत होती आणि हे दोन्ही ठाऊक असलेला माणूस कोणाशी तरी भांडून घरी निघून गेला होता. आक्कानं खुर्च्या लवकर सुटाव्यात एवढ्याच हेतूनं गाडी इकडे वळवली, नायिका तिकडे नेली. संध्याकाळपर्यंत लोक "आता पुढे काय?" हे तिला विचारू लागले होते. खुर्च्या परत आल्या. ती आली नाही.

वडिलांची एक खोड मात्र ती बरोबर घेऊन गेली. परत आलेली खुर्ची ते आधी उलटी करून बघत. खाली कोणी च्युइंगगम चिकटवून ठेवलंय का, हे त्यांना पाठीच्या डौलापेक्षा महत्त्वाचं वाटे. आक्का शूटिंगसाठी कोणाचंही घर घेते तेव्हा आधी कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढून घेते: खिळा कुठे आहे, पडदा कुठे विरलाय, पायपुसण्याचं तोंड कुणीकडे. काम संपलं की ते घर जसंच्या तसं मालकाच्या हाती जातं. म्हणून आक्कानं घेतलेलं घर सिनेमावाल्यांना दुसऱ्यांदाही मिळतं, हे या धंद्यात सगळे मान्य करतात. याला पुरस्कार नाही. आक्काला मात्र तिच्या एकूण कारकिर्दीत याचाच काय तो गर्व आहे, आणि तो ती लपवत नाही.

त्या गर्वाची परीक्षा बघणारा दिवस एका अगदी सज्जन गल्लीत उगवला.

सिनेमा होता एका म्हाताऱ्याचा. तो बऱ्याच वर्षांनी आपल्या घरी परततो आणि बघतो तर घर त्याच्याहून म्हातारं झालेलं. त्यासाठी बैठ्या घरांची एक गल्ली ठरली. टोकाला शिंप्याचं दुकान आणि मध्ये चष्मेवाल्या काकांचं घर. काकांचं चष्म्यांचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं, घर इथे. ते त्यांनी आनंदानं दिलं होतं. फोटो काढून झाले होते. आता फक्त त्या घराला तीस वर्षांनी म्हातारं करायचं होतं, आणि हे काम बुरशीशेठकडे होतं.

बुरशीशेठ हा एक कलावंतच म्हणायचा. नव्या भिंतीवर ओल, शेवाळ, पोपडे, गंज, तडे यांपैकी मागाल ते तो उठवून देई. त्याच्या हाताखाली चार माणसं होती आणि ती सगळी त्याच्याइतकीच अबोल होती. बुरशीला बोलावं लागत नाही, असं तो म्हणे.

आता टेपचं सांगायला हवं. शूटिंगच्या जागी सगळं रंगीत चिकटपट्टीवर चालतं. नटानं कुठे उभं राहायचं, दिवा कुठे ठेवायचा, कुठल्या टेबलाला हात लावायचा नाही, हे सगळं टेप सांगते. माणूस ओरडला तर दुर्लक्ष करतील, पण टेप दिसली की थबकतील. ज्या घराचं काम करायचं त्याच्या फाटकाला पिवळी टेप, हा नियम. काकांच्या फाटकाला ती लावलेली होती. पण आदल्या संध्याकाळी जनरेटरच्या गाडीवाल्याला गाडी लावायला जागा राखून ठेवायची होती. शेजारच्या घरासमोर कोणी स्कूटर लावू नये म्हणून त्यानं हाताला लागली ती, काकांच्याच फाटकाची पिवळी टेप सोडवली आणि शेजारच्या फाटकाला बांधली.

सकाळी आक्का गल्लीत शिरली तेव्हा काम होत आलं होतं. आणि काम असं झालं होतं, की क्षणभर तिचा ऊर भरून आला. पागोळ्यांखाली काळे ओघळ, खिडकीखाली पोपडे, फाटकाला गंज, पायरीच्या सांध्यात शेवाळ. घर बघून वाटावं, याच्यात राहणारे गेले ते परत आलेच नाहीत.

बुरशीशेठ ब्रश पुसत म्हणाला, "आक्का, आयुष्यात असं घर झालं नाही."

"छान झालंय," आक्का म्हणाली. "कोणाचं आहे?"

बुरशीशेठनं फाटकाकडे बोट दाखवलं. टेप होती. मग आक्कानं शेजारी बघितलं. शेजारच्या व्हरांड्यात चष्मेवाले काका स्वच्छ अंघोळ करून, हाताची घडी घालून, दुखावल्या चेहऱ्यानं उभे होते.

"आमच्या घराला काय धाड भरली होती?" काका म्हणाले. "ठरलं आमचं, आणि मान त्यांना?"

"कोण राहतं हो इथं?" आक्कानं हळूच विचारलं.

काकांनी सांगितलं. तिथे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहत. गल्लीतल्या निम्म्या घरांना त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांच्या मुलांना. सारी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. त्या बहिणीकडे गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी घराला नवा रंग दिला होता.

"दाराशेजारी नावाची पाटी नव्हती?" आक्कानं विचारलं.

"होती की," बुरशीशेठ म्हणाला. "काढून ठेवलीय."

"वाचली नाहीस?"

"काढायच्या पाट्या आम्ही वाचत नाही, आक्का. वाचत बसलो तर काढवत नाहीत."



एव्हाना दिग्दर्शक आला. पोरगेलासा, दाढी राखलेला, मनानं चांगला. त्यानं घर बघितलं आणि त्याचे डोळे पाणावले. "हेच!" तो म्हणाला. "आक्का, हेच घर! काकांचं नको, हेच!"

"हे आपलं नाही."

"आबांचा आजचा एकच दिवस आहे आपल्याकडे." आबा म्हणजे सिनेमातले म्हातारे, पडद्यावर आणि बाहेरही. ते विटका कोट घालून झाडाखाली बसले होते, आणि उद्यापासून दुसऱ्या सिनेमाला बांधलेले होते. "ऊन सुंदर आहे. घरात कोणी नाही. आज घेऊन टाकू."

'झटपट' पुढे सरसावला. हा प्रॉडक्शन मॅनेजर. जगातलं कुठलंही काम तो झटपट करून देई, म्हणून हे नाव. "आक्का, मी चौकशी केलीय. बाई रविवारी येणार. आज शूट, उद्या धुलाई, परवा नवा हात. त्यांना पत्ताही लागणार नाही."

"आणि घर आधी कसं होतं याचे फोटो?"

"फोटो नाहीत," झटपट म्हणाला. "पण आक्का, त्या घराशी आपला करारही नाही. आपण कोणाला शब्द दिलेला नाही."

"म्हणूनच," आक्का म्हणाली. "करार असता तर त्यांना आपल्याशी भांडता तरी आलं असतं. फोन नंबर दे."

झटपटनं नंबर दिला, पण आधी एकदा आकाशाकडे बघून.

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. आक्काची पाठ आपोआप ताठ झाली. तिनं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला.

"हुद्दा कळला नाही."

"तो कोणालाच कळत नाही, बाई. तुमच्या घराच्या बाबतीत आमच्याकडून चूक झालीय."

"कसली चूक?"

"रंगाची."

"माझ्या घराला रंग देऊन महिनासुद्धा झाला नाही."

"तोच तो. आता ते फार जुनं दिसतंय. म्हणजे पडलेलं नाही, पण पडेल असं वाटतंय. काम चांगलं झालंय, म्हणजे…"

"वाक्य पूर्ण करा."

"म्हणजे तुमच्या दृष्टीनं फार वाईट झालंय."

पलीकडे शांतता पसरली. आक्कानं पुष्कळ माणसांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ही शांतता त्या सगळ्यांना पुरून उरणारी होती.

"मी निघते आहे," बाई म्हणाल्या. "मी येईपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही. फोटोसुद्धा काढायचा नाही."

आक्कानं सगळ्यांना सांगितलं, आणि एवढं मोठं युनिट गल्लीत बसून राहिलं. कॅमेऱ्यावर कापड पडलं. ऊन दिग्दर्शकाच्या डोळ्यांदेखत सरकत होतं आणि तो त्याच्याकडे गाडी चुकलेल्या माणसासारखा बघत होता.

अशा बातम्या निर्मात्यांना कोण सांगतं ते कधीच कळत नाही, पण त्यांचा फोन आलाच.

"आक्का, कॅमेरा बंद आहे म्हणे?"

"आहे."

"कोणाच्या चुकीमुळे?"

जनरेटरचा गाडीवाला समोरच उभा होता. त्याच्या हातात ती पिवळी टेप होती. ती टाकावी की खिशात घालावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"माझ्या," आक्का म्हणाली.

"तुमच्या? तुम्ही कधीपासून चुकायला लागलात?"

"आज सवड मिळाली."

पलीकडे ते काही वेळ बोलत राहिले. आक्कानं ते सगळं ऐकून घेतलं. बोलणं संपेपर्यंत ऐकणं हा तिच्या कामाचा मोठा भाग आहे. फोन ठेवला तेव्हा गाडीवाला म्हणाला, "आक्का, माझं नाव सांगायचं होतंत."

"तुझं नाव घेतलं असतं तर त्यांना तुझ्याशी बोलावं लागलं असतं. तू गाडी सांभाळ."

बाई आल्या त्या दुपारी, टॅक्सीनं, हातात छोटी बॅग. गल्लीतली माणसं दारात आली. शिंप्यानं गळ्यातली मापाची टेप काढून खिशात घातली. त्या दिवशी कुठलीही टेप बाईंच्या नजरेस पडू नये असं त्याला वाटलं असावं.

बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि भिंतीवरून बोट फिरवून काळं झालेलं बोट पाहिलं.

"हे कोणी केलं?"

बुरशीशेठ पुढे झाला. मान खाली.

"या भिंतीवर दिवसभर ऊन असतं. इथे शेवाळ येणार नाही. शेवाळ पलीकडच्या बाजूला हवं."

"पलीकडची भिंत कॅमेऱ्यात येत नाही, बाई."

"म्हणून चुकीचं लिहायचं?"

 नंतर बुरशीशेठनं आपल्या चौघांना सांगितलं, की आपल्या कामाकडे इतकं नीट आजवर कोणी बघितलंच नव्हतं.

दिग्दर्शकाला राहवलं नाही. "बाई, असं घर मी स्वप्नात बघितलं होतं हो. फक्त आजचा दिवस द्या. पाया पडतो."

"तुम्ही स्वप्नात बघितलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, जरा उतरलाच. "मी अख्खी नोकरी शाळेच्या पिवळ्या भिंती बघितल्या. रंग कोणता द्यायचा, हे मला कधी कोणी विचारलं नाही. हा मी निवडला होता." मग त्या आक्काकडे वळल्या. "फोन तुम्ही केला होता?"

"हो."

"का केलात? मी रविवारी येणार होते. त्याआधी धुऊन-पुसून ठेवता आलं असतं. मला कळलंही नसतं."

"खोटं सांभाळायला वेगळा माणूस ठेवावा लागतो, बाई," आक्का म्हणाली. "आणि माझ्याकडे माणसं आधीच कमी आहेत."

बाईंनी काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं.

"मी इथे शूटिंग नाही म्हटलं तर काय कराल?"

"आत्ता धुवायला घेऊ. फक्त आधी कसं होतं ते तुम्ही सांगायला हवं. आम्हाला ठाऊक नाही."

"नाही म्हणते मी," बाई म्हणाल्या. "धुवा."

दिग्दर्शक मटकन पायरीवर बसला. ओल्या शेवाळावर बसला, त्यामुळे लगेच उठला. झटपटनं आयुष्यात पहिल्यांदा काहीही झटपट केलं नाही. तो नुसता बघत राहिला. सगळे आक्काकडे बघत होते. ती आता कसं समजावते, कोणता मार्ग काढते याची वाट बघत होते. मार्ग काढण्यासाठीच तर तिला ठेवलं होतं.

आक्कानं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "सगळे ऐका. आज शूटिंग नाही. आज घर."

मग जे झालं ते त्या गल्लीनं पूर्वी बघितलं नव्हतं. सिनेमाचं युनिट एरवी ज्या शिस्तीनं एखादी जागा उद्ध्वस्त करतं, त्याच शिस्तीनं ते एक घर पुसायला लागलं. दिव्यांची माणसं शिडीवर, कपड्यांची माणसं चिंध्या घेऊन खाली. मेकअपवाल्या मुलीनं फाटकाचा गंज असा हळुवार उतरवला, जसा नटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरवतात. जनरेटरच्या गाडीवाल्यानं पाण्याची नळी धरली आणि शेवटपर्यंत कोणाच्या हातात दिली नाही. थोड्या वेळानं दिग्दर्शकही बाह्या सारून आला. त्याला खिडकीची एक चौकट दिली, म्हणजे त्याचा कोणाला त्रास होऊ नये.

पुसून निघालं नाही तिथे रंगाचा हात द्यायचा होता, आणि नेमकी छटा कोणालाच ठाऊक नव्हती. बुरशीशेठनं नावाची पाटी होती ती जागा शोधली. गेलेल्या पाटीची खूण म्हणून तिथे मूळ रंगाचा चौकोन त्यानं तसाच ठेवला होता. त्याच्यासमोर तो रंग कालवत बसला. बाई शेजारी उभ्या राहिल्या.

"जरा फिका."

"आता?"

"जास्त फिका झाला. घाई करू नका."

"आता बघा, बाई."

"हं. आता बरोबर."

आयुष्यभर नव्याचं जुनं केलेला माणूस पहिल्यांदाच जुन्याचं नवं करत होता, आणि त्याला ते जमत होतं. त्याची चार माणसं एकमेकांकडे बघून हसली. एवढं त्यांच्या मानानं पुष्कळ बोलणं झालं.

आक्का तेवढ्या वेळात गल्लीच्या टोकाला जाऊन फोनवर उभी होती. आबा ज्या दुसऱ्या सिनेमाला बांधलेले होते, तिथली कार्यकारी निर्माती तिच्या ओळखीची होती. या बायकांची मैत्री एकमेकींच्या अडचणींवर पोसलेली असते.

"तुझा म्हातारा परवाचा दिवस मला दे," आक्का म्हणाली.

"तुझा तो आज होता ना?"

"आज आम्ही एक घर धुतोय."

"कोणाचं?"

"चुकीचं."

पलीकडे खदखदून हसण्याचा आवाज आला. "चारचौघांत सांगेन हं मी हे."

"सांग. पण दिवस दे."

"घे. परवा ने. जेवायला वेळेवर घाल, चिडतो तो."

संध्याकाळी बाईंनी घराभोवती एक चक्कर मारली. कुंड्या दोनदा हलवून घेतल्या, पायपुसणं फिरवायला लावलं, पायरीच्या कडेला राहिलेला एक ठिपका बोटानं दाखवला. तो झटपटनं स्वतः पुसला. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. त्या आत जायला वळल्या आणि थांबल्या.

"परवा कुठे करणार?"

"शेजारी. काकांकडे."

"त्यात बोलणं आहे?"

"आहे. जागेवरच ध्वनिमुद्रण करतो आम्ही."

"हं," बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्या काकांचं घर एकदाचं म्हातारं झालं. काका दिवसभर बुरशीशेठच्या मागे होते. "इथे अजून थोडी बुरशी येऊ द्या, हात आखडू नका," असं सांगत होते. आक्कानं मात्र त्यांच्या घराचे फोटो पुन्हा एकदा काढून घेतले. काकांनी दोन्ही वेळा भिंतीशेजारी उभं राहून काढून घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा फाटकाशी उभे राहिले. हे दृश्य म्हणजे सिनेमाचा कणा होता. म्हातारा घराशी हळू आवाजात बोलतो, आणि कुठे कुकर शिटी देईल, कुठे स्कूटर सुरू होईल, कुठे रेडिओ लागेल याचा नेम नाही. ध्वनिमुद्रक हा स्वभावानं दुःखी माणूस होता, कारण त्याला सगळंच ऐकू येई. त्यानं हेडफोन चढवले, खोके तपासले, वायर हलवून बघितली. मग तो आक्काजवळ आला.

"आक्का, काहीतरी बिघडलंय. काहीच ऐकू येत नाही."

आक्कानं गल्लीकडे नजर टाकली. शिंप्याचं मशीन बंद होतं आणि तो त्याच्यामागे उभा होता. एक गृहस्थ कामावर निघाले होते, ते स्कूटर हातानं ढकलत नेत होते. दारोदारी माणसं उभी होती, म्हातारी, तरुण, काही तर टक्कल पडलेली, आणि सगळ्यांच्या हातांची घडी होती. नव्या रंगाच्या व्हरांड्यात बाई उभ्या होत्या. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. त्या फक्त गल्लीकडे बघत होत्या.

बाईंनी आक्काकडे बघून भुवई उंचावली. म्हणजे, सुरू करा.

आबांनी एकदाच केलं. दुसऱ्यांदा करावं लागलं नाही. शॉट संपला तेव्हा ध्वनिमुद्रक डोळे मिटून बसला होता. इतकी स्वच्छ शांतता त्यानं आजवर कुठे टिपली नव्हती. गल्लीतून मात्र टाळी पडली नाही, कोणी खोकलंही नाही. सगळे बाईंकडे बघत होते, आणि बाई आक्काकडे.

आक्कानं मान हलवली. बाईंनी हाताची घडी सोडली, आणि त्याबरोबर शिंप्याचं मशीन, तीन कुकर, एक रेडिओ आणि झटपट हे सगळे एकदमच सुरू झाले.

आक्का कुंपणाशी गेली. तिचा ऊर भरून आला होता, आणि या वेळी तिनं तो भरून येऊ दिला.  असं तिच्या बाबतीत सहसा होत नाही.

"पुढच्या वेळी माझं घर हवं असेल," बाई म्हणाल्या, "तर आधी विचारायचं."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"नाही. पण विचारायचं."

"विचारीन," आक्का म्हणाली.